मोतीबिंदू आणि काचबिंदू एकाच डोळ्यात: ऑपरेशन ठरवताना कुठली पायरी आधी घ्यायची

काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लेन्स कुठली बसवायची, आणि कितीची?" डोळ्यात नुसता मोतीबिंदू असेल तर हा प्रश्न पहिला विचारला तरी फारसं बिघडत नाही. सोबत काचबिंदू असेल तर मात्र लेन्सचा नंबर पाचवा लागतो. तो पहिला घेतला की पुढचं सगळं उलटं होत जातं. ऑपरेशनची तारीख ठरते, पैसे भरले जातात, आणि आदल्या दिवशी कोणीतरी विचारतं, "अहो, पण यांच्या काचबिंदूचं काय?"

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ऑपरेशन मी करत नाही. आधीच्या तपासण्या आणि नंतर डोळ्यातला दाब म्हणजे प्रेशर मोजणं, ही माझी कामं. त्यामुळे गाडी कुठल्या स्टेशनावर चुकली हे मला बऱ्याचदा दिसतं, आणि चुका त्याच त्या असतात. कुठलं ऑपरेशन करायचं हे तुमचे डॉक्टर डोळा बघूनच ठरवतील. त्यांच्यासमोर बसण्याआधी आणि तिथून उठल्यावर काय करायचं, तेवढं इथे लिहितो.

## पायरी 1: अंधुक नेमकं कशामुळे दिसतं, ते वेगळं करा

दोन्ही नावांत "बिंदू" आहे, म्हणून घरोघरी गल्लत होते. मोतीबिंदू हा लेन्सचा आजार आहे. गढूळ झालेली लेन्स काढली, जागी स्वच्छ लेन्स बसवली, की उजेड परत येतो. काचबिंदू हा डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा आजार आहे. डोळ्यातल्या पाण्याचा दाब त्या नसेला सोसत नाही, तिचे धागे एकेक करून मरतात, आणि मेलेला धागा कुठल्याही ऑपरेशनने परत जिवंत होत नाही. काचबिंदूचं ऑपरेशन शिल्लक आहे ते राखण्यासाठी असतं.

म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न असा: "माझी जी नजर कमी झाली आहे, त्यातली मोतीबिंदूमुळे किती आणि नसेमुळे किती?" पक्का आकडा मिळणार नाही, पण अंदाज मिळतो आणि तो कुटुंबातल्या सगळ्यांनी ऐकायला हवा. घरच्या घरीही थोडा माग लागतो. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसणं, रंग पिवळट वाटणं, चष्म्याचा नंबर सारखा बदलणं हे सहसा मोतीबिंदूकडे बोट दाखवतं. बाजूने आलेला माणूस अचानक अंगावर आल्यासारखा वाटणं, जिन्याची पायरी चुकणं, वाचताना ओळीचा एखादा तुकडाच गायब होणं, ही लक्षणं नसेची शंका आणतात.

एक आजोबा आठवतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, आणि कुटुंबाची ठाम समजूत की ऑपरेशन बिघडलं. मी तपासलं तेव्हा लेन्स अगदी जागेवर, बाहेरचा भाग स्वच्छ. नस मात्र पांढरी पडलेली. ती ऑपरेशनच्या कितीतरी आधीच गेली होती, पण तसं कोणी आधी बोललंच नव्हतं. हेच वाक्य ऑपरेशनच्या आधी सांगितलं तर माहिती असते. नंतर सांगितलं तर लोकांना ती सबब वाटते.

तपासून पाहा: "मोतीबिंदू काढल्यावर या डोळ्याने मला साधारण किती दिसेल?" याचं उत्तर तुमच्याकडे आहे का? नसेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

## पायरी 2: तपासण्या, आणि त्यांचा क्रम

दोन्ही आजार असतील तर या तपासण्या लागतातच: प्रेशर, गोनिओस्कोपी, नसेची तपासणी आणि तिचा ओसीटी (थराची जाडी मोजणारा स्कॅन), फिल्ड टेस्ट (नजरेच्या टप्प्यात कुठे किती दिसतं ते बघणारी), बुबुळाची जाडी म्हणजे पॅकिमेट्री, आणि लेन्सची पॉवर काढणारी बायोमेट्री. बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी मोजणारी तपासणी काही रुग्णांना लागते. आधी काचबिंदूचं ऑपरेशन झालं असेल किंवा नळी बसवायचा विचार असेल तर तिचा विशेष उपयोग होतो.

सगळं एकाच दिवशी उरकायची घाई असते, आणि घोळ तिथेच होतो. क्रम असा ठेवायचा:

1. आधी फिल्ड टेस्ट, माणूस ताजातवाना असताना. बाहुली मोठी करण्याआधी.
2. मग बायोमेट्री. डोळ्याला काहीही टेकवण्याआधी.
3. मग बुबुळाची जाडी आणि प्रेशर.
4. मग गोनिओस्कोपी. त्यात डोळ्यावर आरशाची भिंग ठेवून, पाणी बाहेर जाण्याचा कोपरा उघडा आहे की मिटलेला, ते बघतात.
5. सगळ्यात शेवटी बाहुली मोठी करून लेन्स, नस आणि पडदा.

गोनिओस्कोपीची जेल लागल्यावर बुबुळाचा पृष्ठभाग तासभर तरी चोख राहत नाही. त्यावर बायोमेट्री केली की लेन्सची पॉवर चुकायची शक्यता वाढते. आणि बाहुली मोठी केल्यावर कोपरा बघितला तर त्याचं खरं रूप दिसत नाही. शिवाय कोपरा अरुंद असलेल्या डोळ्यात न बघता बाहुली मोठी केली, तर प्रेशर एकदम चढू शकतं.

फिल्ड टेस्टबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. मोतीबिंदू असताना काढलेलं फिल्ड असतं त्यापेक्षा वाईट दिसतं, कारण गढूळ लेन्समुळे सगळीकडचाच उजेड कमी होतो. ओसीटीवर सिग्नल कमी आला तर नसेचा थरही उगाच पातळ दाखवतो. म्हणून कागदावर लाल रंग बघून घाबरायचं नाही, आणि "ते मोतीबिंदूमुळे असेल" म्हणून सोडूनही द्यायचं नाही. जुनी फिल्ड असतील तर ती आणाच. पाच वर्षांपूर्वीचा, चहाचे डाग पडलेला कागद आजच्या नव्या कोऱ्या रिपोर्टपेक्षा जास्त सांगून जातो.

सावधान: "गोनिओस्कोपी केली का?" हे विचारायला लाजू नका. फाईलमध्ये नुसतं "काचबिंदू" लिहिलंय आणि कोपरा उघडा की बंद ते लिहिलेलं नाही, अशा फाईली मी नेहमी बघतो. पायरी 4 मधला अर्धा निर्णय या एका शब्दावर उभा असतो.

## पायरी 3: तीन उत्तरं एका कागदावर लिहून घ्या

एक: कोपरा उघडा की मिटलेला? मिटलेला असेल तर त्याला ढकलणारी बहुतेक वेळा जाड झालेली लेन्सच असते. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन हाच काचबिंदूवरच्या इलाजाचा मोठा भाग होतो.

दोन: नसेचं नुकसान किती? फिल्डच्या कागदावर "एमडी" नावाचा आकडा असतो. ढोबळ हिशोब असा, की वजा 6 डेसिबलपर्यंत सौम्य, वजा 6 ते वजा 12 मध्यम, त्याच्या पलीकडे गंभीर. मोतीबिंदू या आकड्यात स्वतःची भर घालतो, त्यामुळे डॉक्टर नस डोळ्याने बघून तो पडताळतात.

तीन: प्रेशर किती, किती हवं, आणि किती औषधांवर? "हवं" हा शब्द लोक विसरतात. 18 प्रेशर सौम्य नुकसान असलेल्याला चालून जाईल. नस बरीच गेलेली असेल त्याला 12 च्या आसपास लागू शकतं. "माझं टार्गेट प्रेशर किती?" हे सरळ विचारा.

औषधं मोजताना बाटल्या मोजू नका. एका बाटलीत कधीकधी दोन औषधं असतात. ब्रिमोनिडिन आणि टिमोलॉलची एक बाटली आणि लॅटॅनोप्रॉस्टची एक, म्हणजे बाटल्या दोन, औषधं तीन. "दोनच ड्रॉप चालू आहेत" असं सांगितलं की काचबिंदू असतो त्यापेक्षा हलका वाटतो. सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणा. कुठले ड्रॉप चुरचुरतात, कुठले परवडत नाहीत, रात्रीचे किती वेळा राहून जातात, हेही खरं सांगा. रोज चार वेळा ड्रॉप घालायला घरात कोणी नसेल, तर त्यावरूनही ऑपरेशन बदलतं, आणि तसं ते बदलायलाच हवं.

## पायरी 4: कुठल्या डोळ्याला कुठला पर्याय

### फक्त मोतीबिंदूचं ऑपरेशन

काचबिंदू सौम्य, एक किंवा दोन औषधांवर प्रेशर काबूत, नस बरीच शिल्लक. अशा डोळ्यात बहुतेक डॉक्टर नुसतं फेको, म्हणजे छोट्या छेदातून मोतीबिंदू काढायचं ऑपरेशन, करतात आणि ड्रॉप चालू ठेवतात. उघड्या कोपऱ्याच्या काचबिंदूत एवढ्यानेही प्रेशर साधारण 2 ते 4 अंकांनी उतरतं, पण काही वर्षांत तो फायदा ओसरू शकतो. ड्रॉप बंद होतील या आशेवर हा पर्याय घेऊ नका.

मिटलेल्या कोपऱ्यात हिशोब वेगळा आहे. जाड लेन्स जाऊन पातळ लेन्स आली की कोपऱ्याला जागा मिळते आणि प्रेशर जास्त उतरतं. 2016 साली 'ईगल' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, 419 रुग्णांचा. पन्नाशी ओलांडलेल्या, मोतीबिंदू नसलेल्या, पण कोपरा मिटून प्रेशर बरंच चढलेल्या किंवा काचबिंदू झालेल्या लोकांत स्वच्छ लेन्स काढणं हे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला लेसरने भोक पाडण्यापेक्षा सरस ठरलं. स्वच्छ लेन्सचं असं, तर गढूळ झालेली लेन्स आणखी सांभाळण्यात काय अर्थ? कोपरा बराच काळ मिटून चिकटला असेल, तर मात्र नुसती लेन्स काढून भागेलच असं नाही.

### मोतीबिंदूसोबत कोपऱ्यातलं छोटं ऑपरेशन

यांना मिग्ज म्हणतात. फेकोच्याच छेदातून आत जाऊन, पाणी गाळणारी जाळी उघडतात किंवा तिच्यात सूक्ष्म नळी बसवतात. आयस्टेंट, हायड्रस या बसवायच्या वस्तू. जाळी कापण्यासाठी काहूक ड्युअल ब्लेड. धाग्याने जाळी गोलाकार उघडतात ती गॅट. आणि साधी इंजेक्शनची सुई वाकवून करायची 'बँग', जिच्यात महागडं काही विकत घ्यावं लागत नाही.

हा पर्याय सौम्य ते मध्यम, उघड्या कोपऱ्याच्या काचबिंदूसाठी. फायदा मुख्यतः औषधं कमी होण्याचा. मर्यादाही समजून घ्या. जाळीतून गेलेलं पाणी शेवटी डोळ्याबाहेरच्या शिरांत जातं, आणि त्या शिरांमध्ये स्वतःचा दाब असतोच. त्याच्याखाली प्रेशर या वाटेने उतरू शकत नाही. म्हणून ज्याला 12 च्या आत प्रेशर हवंय, त्याला "छोटं आणि सोपं" म्हणून हे विकलं जात असेल तर दुसरं मत घ्या. जाळी कापल्यावर पुढच्या कप्प्यात रक्त उतरणं नेहमीचं आहे. दिसणं काही दिवस लालसर, धुरकट राहतं आणि बहुतेकांचं आपोआप निवळतं. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी बोला.

### दोन्ही एकत्र: फेको आणि ट्रॅबेक्युलेक्टमी

औषधांच्या जोरावरही प्रेशर काबूत नाही, किंवा नस बरीच गेलेली, आणि मोतीबिंदूही अडचण करतोय. अशा वेळी एकाच बैठकीत दोन्ही करतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडपेसारखं दार करून पाणी बाहेर काढायची नवी वाट देतात. ते पाणी वरच्या पापणीखाली, पातळ पडद्याच्या आड साठतं. त्या फुगवट्याला ब्लेब म्हणतात. वाट जखमेसारखी भरून येऊ नये म्हणून मायटोमायसिन नावाचं औषध लावतात.

एक भूल, एक खर्च, घरच्यांची रजा एकदाच, हे फायदे आहेत. पण दोन गोष्टी स्पष्ट ऐकून घ्या. पहिली, नुसत्या ट्रॅबेक्युलेक्टमीने प्रेशर जेवढं उतरतं तेवढं एकत्र केल्यावर अनेकदा उतरत नाही, कारण मोतीबिंदू काढताना होणारी सूज जखम लवकर भरून आणते. दुसरी, नजर स्थिरावायला आठवडे लागतात. शेजारच्या काकूंना फेकोनंतर दुसऱ्याच दिवशी पेपर वाचता आला, म्हणून तुम्हालाही येईल असं नाही.

### आधी काचबिंदूचं, मोतीबिंदू नंतर

प्रेशर फार चढलेलं, नस धोक्यात, मोतीबिंदू मात्र अजून हलका. मग आधी ट्रॅबेक्युलेक्टमी. ती केल्यावर मोतीबिंदू वेगाने वाढतो, हे गृहीत धरूनच चाला. आणि तो काढायची घाई करू नका. ब्लेब नवा असताना फेको केलं तर ब्लेब बंद पडू शकतो. निदान सहा महिने, जमलं तर त्याहून जास्त थांबायचं.

याच्या उलट, मोतीबिंदूचं आधी आणि काचबिंदूचं पुढे लागेल तेव्हा, हाही क्रम असतो. तो ठरला तर पहिल्याच ऑपरेशनच्या वेळी शल्यविशारदाला सांगायचं की वरच्या बाजूचा, पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा शक्यतो हात न लावता ठेवा. पुढे दार तिथेच करायचं असतं. वरून मोठा छेद घेऊन केलेल्या हाताच्या ऑपरेशननंतर ती जागा चिवट होते.

### नळीचं ऑपरेशन

आधीचं ट्रॅबेक्युलेक्टमी फसलेलं, डोळ्यात जुनी सूज, किंवा मधुमेहामुळे डोळ्यात नवीन रक्तवाहिन्या आलेल्या, अशा अवघड डोळ्यांत नळी बसवतात. आपल्याकडे दोन नावं ऐकू येतात: अहमद व्हॉल्व्ह, आणि मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेलं, बरंच स्वस्त असलेलं आडी. आडीला झडप नसते, म्हणून नळी विरघळणाऱ्या धाग्याने बांधून ठेवतात आणि ती साधारण पाच-सहा आठवड्यांनी उघडते. तोवर प्रेशर चढंच राहू शकतं आणि ड्रॉप चालू ठेवावे लागतात. "ऑपरेशन करूनही प्रेशर तेवढंच" म्हणून लोक चौथ्या आठवड्यात डॉक्टर बदलतात. आणि नळी उघडते त्याच सुमाराला, जेव्हा तपासणी सगळ्यात गरजेची असते, कुठेच फिरकत नाहीत.

### थांबायला जागाच नसते तेव्हा

"मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू" हा सल्ला जुन्या काळी ठीक होता. आज तो धोक्याचा आहे. पूर्ण पिकलेली लेन्स फुगून कोपरा बंद करते, किंवा तिच्यातलं द्रव्य झिरपून जाळी तुंबवते. डोळा लाल, ठणका, डोकेदुखी, उलट्या, नजर एकदम कमी. पित्त झालं म्हणून घरी पडून राहिलेले लोक मी पाहिले आहेत. इथे आधी गोळ्या-सलाईनने प्रेशर उतरवतात आणि मग लवकरात लवकर लेन्स काढतात. हे त्याच दिवशी दवाखाना गाठायचं काम आहे.

तपासून पाहा: सुचवलेल्या ऑपरेशनचं नाव, ते का आणि दुसरं का नाही, आणि हे जमलं नाही तर पुढे काय, ही तीन वाक्यं तुम्हाला स्वतःच्या शब्दांत घरी सांगता येतात का?

## पायरी 5: आता लेन्स

काचबिंदू मध्यम किंवा गंभीर असेल तर साधी, एकाच अंतराची मोनोफोकल लेन्स घ्या. मल्टीफोकल लेन्स उजेडाची वाटणी करते. त्यामुळे फिकट आणि गडद यांतला फरक कमी कळतो, आणि काचबिंदूने तो आधीच कमी झालेला असतो. महाग लेन्स म्हणजे जास्त चांगली लेन्स, हे समीकरण या डोळ्यात चालत नाही. चष्मा लागू दे. चष्म्याने कोणाचं काही बिघडत नाही.

तिरकस नंबरासाठीची टोरिक लेन्स नुसत्या फेकोसोबत चांगली चालते. ट्रॅबेक्युलेक्टमी सोबत होणार असेल तर टाक्यांमुळे तिरकस नंबर स्वतःच बदलतो, तेव्हा तिच्यावर पैसे घालण्याआधी दोनदा विचारा. काही वयस्कर लोकांत लेन्सवर कोंड्यासारखा थर दिसतो, त्याला स्यूडोएक्स्फोलिएशन म्हणतात. त्यांच्यात लेन्स धरून ठेवणारे धागे कमकुवत असतात. फाईलवर तो शब्द असेल तर ऑपरेशन अवघड आहे हे डॉक्टरांना माहीत असतं. तुम्हालाही माहीत असू द्या.

## पायरी 6: ऑपरेशनआधीचे दिवस

औषधांची यादी करा, आणि त्यात डोळ्याबाहेरचीही लिहा.

पुरुषांना प्रोस्टेटसाठी दिलेली टॅम्सुलोसिन ही गोळी लोक हमखास सांगायला विसरतात. "लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध?" संबंध आहे. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली लुळी पडते आणि आकसते. गोळी वर्षभरापूर्वी बंद केली असली तरी सांगा. दमा किंवा नाडी मंद असेल तर तेही सांगा, कारण टिमोलॉल अशांना चालत नाही. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तोही, कारण प्रेशर चढल्यावर डायमॉक्स ही गोळी दिली जाते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि डोळ्याचे डॉक्टर यांनी ठरवायचं, शक्यतो लेखी. पायलोकार्पिन, लॅटॅनोप्रॉस्ट, बिमॅटोप्रॉस्ट यांच्यापैकी काही डॉक्टर ऑपरेशनच्या आसपास थांबवतात, काही नाही. कुठले थांबवायचे आणि कुठल्या डोळ्याचे, हे बाटलीवर पट्टी चिकटवून लिहा.

योजनेतून किंवा विम्यातून ऑपरेशन होणार असेल, तर मंजुरीच्या कागदावर नुसतं मोतीबिंदू आहे की दोन्ही ऑपरेशनं, ते आदल्या आठवड्यात वाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला किंवा विम्याच्या डेस्कला तोंडी विचारून थांबू नका, कागद बघा. शिबिरातून जाणार असाल तर काचबिंदूची फाईल हातात घेऊनच जा आणि तपासणाऱ्याच्या समोर उघडून ठेवा.

## पायरी 7: ऑपरेशनचा दिवस

काचबिंदूचे सकाळचे ड्रॉप घालायचे की नाही हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. नस फार गेलेली असेल तर भुलीबद्दलही बोला. डोळ्यामागे दिलेल्या इंजेक्शनने प्रेशर थोडा वेळ वाढतं, म्हणून अशा डोळ्यांत शक्य असेल तिथे वेगळी भूल निवडतात. कपाळावरची खूण योग्य डोळ्याच्या वर आहे का ते नातेवाइकांनी बघावं. बाकी सांगण्यासारखं फार नाही.

## पायरी 8: पहिला दिवस ते सहावा आठवडा

सगळ्यात जास्त डोळे मी इथे बिघडताना पाहिले आहेत. ऑपरेशन चांगलं झालेलं असतं आणि नंतरच्या दीड महिन्यात घसरगुंडी होते.

पहिले 24 तास. ऑपरेशनच्या वेळी वापरलेली जेल थोडी मागे राहिली तरी प्रेशर चढतं. ज्याची नस काठावर आहे त्याला ही एका रात्रीची चढही महाग पडते. रात्री डोळ्यात ठणका, डोकेदुखी, मळमळ वाटली तर सकाळची वाट बघू नका, फोन करा. दुसऱ्या दिवशीची तपासणी "दिसतंय की चांगलं" म्हणून टाळू नका.

दुसऱ्या डोळ्याचे ड्रॉप. ही चूक मी दर आठवड्याला बघतो. ऑपरेशन उजव्याचं झालं, नवी यादी मिळाली, आणि डाव्या डोळ्याचे काचबिंदूचे ड्रॉपही त्या गडबडीत बंद झाले. दोन कागद करा, एक उजव्याचा, एक डाव्याचा, आणि फ्रिजवर चिकटवा. ऑपरेशन झालेल्या डोळ्याचे जुने ड्रॉप चालू की बंद, हे डिस्चार्जच्या वेळी विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

स्टेरॉइडचे ड्रॉप. सूज कमी करायला ते लागतातच. पण काचबिंदू असलेल्या अनेकांचं प्रेशर त्यांनीच चढतं, आणि ते दोन-तीन आठवड्यांनी चढतं. पहिल्या दिवशी प्रेशर 14 आलं म्हणून निर्धास्त झालात, तर तिसऱ्या आठवड्यातलं 30 कोणालाच दिसत नाही. दुखत नाही, लाल होत नाही. म्हणून पहिला दिवस, पहिला आठवडा आणि तिसरा-चौथा आठवडा, इतक्या वेळा तरी प्रेशर मोजलं गेलं पाहिजे. आणि ते ड्रॉप संपल्यावर मेडिकलमधून "तीच बाटली" परत आणायची नाही.

ट्रॅबेक्युलेक्टमी झाली असेल तर वेळापत्रक याहून कडक असतं. सुरुवातीला आठवड्याला एकदा, कधी दोनदा. टाके लेसरने तोडणं किंवा सैल करणं, ब्लेबला सुईने मोकळं करणं, इंजेक्शन देणं हे सगळं त्या आठवड्यांत होतं. "परत टोचलं म्हणजे ऑपरेशन फसलं" असं नाही, तो ऑपरेशनचाच उरलेला भाग आहे. गावाहून येणाऱ्यांनी तारीख ठरवतानाच हे धरावं. दीड महिना शहरात बहिणीकडे राहता येईल का? नसेल, तर पेरणीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर हे ऑपरेशन घेऊ नका.

ड्रॉप घालायची रीत: दोन ड्रॉपमध्ये पाच मिनिटं, आणि प्रत्येकानंतर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं हलका दाबून धरायचा. त्याने औषध घशात उतरत नाही. जोराचं वाकणं, बादल्या उचलणं, डोळा चोळणं बंद. शीर्षासनात डोळ्याचं प्रेशर साधारण दुप्पट होतं हे मोजलेलं आहे. काचबिंदू असलेल्याने ते नुसतं या सहा आठवड्यांत नाही, कायमचंच सोडायचं. हे सांगितलं की योगवर्गाला जाणारे हटकून नाराज होतात.

सावधान: ब्लेब असलेल्या डोळ्याला जंतुसंसर्गाचा धोका आयुष्यभर राहतो. दहा वर्षांनीही डोळा लाल झाला, उजेड सोसेना, घाण येऊ लागली, दुखलं किंवा अंधुक झालं, तर ते "डोळे आले" समजून घरचे उपाय करू नका. त्याच दिवशी दाखवा, आणि "मला ब्लेब आहे" हे पहिलं वाक्य असू द्या.

## पायरी 9: नवी सुरुवातरेषा

डोळा शांत झाला, चष्म्याचा नंबर निघाला, की साधारण दोन-तीन महिन्यांत नवं फिल्ड आणि नवा ओसीटी करून घ्या. जुने कागद गढूळ लेन्समधून काढलेले आहेत. त्यांच्याशी पुढची तुलना केली तर दोन प्रकारे फसगत होते. फिल्ड सुधारलेलं दिसतं आणि काचबिंदू बरा झाल्याचा भास होतो. किंवा मोतीबिंदू जाऊन जेवढं सुधारायला हवं होतं तेवढं सुधारलेलं नसतं, म्हणजे मधल्या काळात नस आणखी गेलेली असते, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. नव्या कागदावर तारखेसोबत "ऑपरेशननंतरचं पहिलं" असं पेनाने लिहा.

दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू असेल तर पायरी 1 पासून परत सुरुवात करा. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांत काचबिंदूची मजल वेगळी असते, आणि "त्याला केलं तेच याला करा" असं डॉक्टरांना सांगायचं नसतं. नव्या चष्म्याच्या दिवशी सख्ख्या भावंडांना आणि चाळिशी गाठलेल्या मुलांनाही सोबत घेऊन या. त्यांचं प्रेशर आणि नस त्याच वेळी बघून होते.